पक्षी आणि फुटबॉल दोन्ही टिपायचे आहेत: ३०० एफ/४ घेऊ की ५०० एफ/५.६?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निकॉनचा क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि ७०-३०० झूम आहे. सुटीच्या दिवशी पक्षी टिपता, मुलीच्या फुटबॉलच्या मॅचही काढता. आता प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्यायची आहे आणि ३०० एफ/४ पीएफ की ५०० एफ/५.६ पीएफ यावर गाडी अडलीय. (३००, ५०० ही मिलिमीटरमधली फोकल लेंथ, जास्त असेल तितकं दूरचं मोठं दिसतं; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त; पीएफचं खाली सांगतो.) त्यात मित्राने तिसराच सल्ला दिलाय, ‘जुनी ३०० एफ/२.८ घे आणि तिला २एक्स टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ दुप्पट करणारं जोडभिंग) लाव, एका लेन्समध्ये दोन्ही कामं.’

मित्राच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्या वाटेने मी जाऊन परत आलोय. २एक्स लावला की ३०० एफ/२.८ ची ६०० एफ/५.६ होते. कागदावर हे फार गोड दिसतं. हातात घेतल्यावर कळतं की ऑटोफोकस सुस्तावलाय आणि लेन्समधली जी उणीव एरवी दिसली नसती ती दुप्पट होऊन समोर आलीय. फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्याचे फोटो बरे यायचे. उडता पक्षी मात्र लेन्स फोकस शोधत असतानाच फ्रेमबाहेर जायचा. वर अडीच किलोच्या आसपासचं ओझं. दोन महिने हौसेने वागवली, मग ‘आज नको, ऊन आहे’ अशी कारणं सुरू झाली आणि वर्षभरात विकून टाकली. १.४एक्सची गोष्ट वेगळी. त्यात एकच स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, जातो आणि चांगल्या प्राईमवर फरक शोधून काढावा लागतो.

आता ३०० की ५००. इथे लोक एमटीएफचे, म्हणजे लेन्सची धार मोजणारे, आलेख उघडून बसतात. मी म्हणेन, आधी अंतराचा हिशोब करा, तो सोपा आहे. विषयाचा आकार गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. जे उत्तर येईल तेवढी प्रतिमा सेन्सरवर पडते. छोटा खंड्या साधारण १७ सेंटिमीटरचा. तो १५ मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ३०० आहे, तर सेन्सरवर तो ३.४ मिलिमीटर. तुमच्या सेन्सरची उंची १६ मिमीच्या जवळपास, म्हणजे पक्ष्याने फ्रेमचा पाचवा हिस्सा व्यापला. ५०० लावलीत तर तोच ५.७ मिमी होतो, तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. फोटो कापायची वेळ आली तर हा फरक प्रचंड आहे. गंमत अशी की ३०० घेऊन तुम्ही ९ मीटरपर्यंत सरकलात तरी खंड्या नेमका तेवढाच मिळतो. म्हणजे २०० मिमी जादा फोकल लेंथ किंवा ६ मीटर सरपटणं, निवड तुमची! मी बरीच वर्षं चिखलात पालथं पडून दुसरा पर्याय वापरला, पण प्रत्येक पक्षी सरकू देत नाही.

हाच हिशोब फुटबॉलला उलटा पडतो. ५०० आणि क्रॉप सेन्सर असताना कॅमेरा उभा धरला तरी २० मीटरवर फ्रेममध्ये जेमतेम ९४ सेंटिमीटर उंची मावते. मुलगी बॉल घेऊन तुमच्या बाजूने धावत आली की तुम्हाला तिचं डोकं मिळेल किंवा पाय, दोन्ही नाही. अख्खी आकृती, वर-खाली थोडी जागा सोडून, हवी असेल तर ती ४० मीटरवर असायला हवी. ३००ला त्याच २० मीटरवर दीड मीटरहून थोडं जास्त मावतं, पण ती १० मीटरवर आली की तीच पंचाईत. प्राईम मागे फिरवता येत नाही, तुम्हालाच मागे पळावं लागतं आणि मागे पालकांची रांग असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ५०० एफ/५.६ घ्या आणि फुटबॉल ७०-३००वरच ठेवा. ३०० एफ/४ वाईट नाही. २०१५ची ही लेन्स ७५५ ग्रॅमची आहे, गळ्यात अडकवून दिवसभर हिंडावं अशी. पण ३०० तुमच्याकडे आहेच. नव्या लेन्सने एक स्टॉप जास्त उजेड आणि चांगली धार मिळेल, खंड्या मात्र तेवढाच लहान राहील. १.४एक्स जोडून ४२० एफ/५.६ करता येईल, पण दर वेळी कन्व्हर्टर लावूनच बाहेर पडणार असाल तर मुळात लांब लेन्सच का नको?

पटत नसेल तर गेल्या वर्षीचे पक्ष्यांचे फोटो उघडा आणि दोन गोष्टी बघा: किती फोटो ३००च्या टोकाला काढलेत आणि त्यातले किती अर्ध्याहून जास्त कापलेत. मी हे केलं तेव्हा दहातले नऊ टोकालाच होते. मग फार विचार करावा लागला नाही.

५०० पीएफचं खरं कौतुक वजनाचं. ती २०१८ला आली तेव्हा ५०० म्हटलं की तीन किलोची एफ/४ आणि सोबत ट्रायपॉड असंच चित्र होतं. ही १४६० ग्रॅमची, हातात धरून उडत्या पक्ष्यामागे फिरवता येते. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल, लेन्सच्या एका भिंगावर बारीक गोल खाचा असतात आणि त्यामुळे रंगदोष कमी भिंगांत आवरतो. त्याची किंमतही आहे: फ्रेममध्ये किंवा कडेला प्रखर दिवा वा सूर्य आला तर रंगीत वर्तुळासारखं फ्लेअर दिसू शकतं. सूर्यास्तासमोरच्या पक्ष्यांच्या आकृत्या हा तुमचा जीव की प्राण असेल तर हे लक्षात ठेवा.

एक तपासणी मात्र नक्की करा. या दोन्ही लेन्स ‘ई’ जातीच्या, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) विजेवर चालतं. डी९०, डी२०० अशा जुन्या बॉडीवर ते हलतच नाही. तुमची बॉडी त्यानंतरची असेल (डी३००० सोडून) तर प्रश्न नाही. पुढे कधी निकॉनच्या मिररलेसवर गेलात तर एफटीझेड अडॅप्टरवर (नव्या कॅमेऱ्याला जुन्या लेन्स जोडणारी कडी) या लेन्स ऑटोफोकससह चालतात.

व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) किती महत्त्वाचं, असंही विचारलंय. माझ्या जुन्या कॅनन ४०० एफ/५.६ला स्टॅबिलायझेशन नव्हतंच, १९९३ची लेन्स ती. उडत्या घारींसाठी कधी अडलं नाही, कारण पंख गोठवायला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर लागतोच आणि तिथे हात हलल्याचा दोष फारसा उरत नाही. झाडीतल्या अंधारात बसलेलं घुबड दिसलं की मात्र जीव हळहळायचा. १/१००ला हात थरथरणारच. व्हीआर तुमचा हात सावरतं, पळणाऱ्या मुलीला थांबवत नाही. मैदानावर १/१०००च्या खाली जाऊ नका.

मॅच दिव्यांच्या उजेडात होत असतील तर वरचं सगळं गणित बदलतं. एफ/२.८ला जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पुरतो तिथे एफ/५.६ला १२८०० लागतो. त्या कामाला ७०-२०० एफ/२.८ लागेल, ५०० बॅगेतच राहील.

पहिल्या महिन्यात ५०० तुम्हाला रडवणार, हे आधीच सांगतो. क्रॉप सेन्सरवर तिची नजर इतकी अरुंद असते की आभाळातला पक्षी सापडतच नाही. नजर पक्ष्यावरून हलवू नका, कॅमेरा उचलून डोळ्याशी आणा. साधारण तेवढ्या अंतरावरच्या झाडावर आधी फोकस करून ठेवा, नाहीतर सगळंच धूसर असतं आणि पक्षी समोर असून दिसत नाही. लेन्सवरचं फोकस लिमिटर (फोकस ठरावीक अंतरापुरताच शोधायला लावणारं बटण) वापरा. कावळ्यांवर सराव करा, ते नाराज होत नाहीत. १० मीटरवर एफ/५.६ला फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम ९ सेंटिमीटर असते, तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा, पोटावर गेला तर चोच गेली. आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून दूरचं काही टिपून ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणू नका. ती हवेची थरथर असते, सकाळी तोच फोटो पुन्हा काढून बघा.

सेकंडहँड मिळत असेल तर बॅटरीच्या टॉर्चने आरपार बघा, बुरशीचे धागे असतील तर सोडून द्या. जवळ-दूर फोकस दहा-वीस वेळा मारून मोटरचा आवाज ऐका. माउंट हलत असेल तर लेन्स कधीतरी पडलीय.

यूव्ही फिल्टरबद्दल: ५०० पीएफला ९५ मिमीचा लागतो आणि स्वस्तातला बसवलात तर ज्या धारेसाठी पैसे मोजलेत तीच बोथट होईल. हूड कायम लावून ठेवा, तेवढं पुरतं.