शाळेच्या अडगळीतला कॉम्प्युटर

प्रश्न : आमच्या शाळेची अडगळीची खोली आवरताना पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर निघाला. कीबोर्ड आणि डबा एकच, वरच्या ओळीत लालसर बटणं, ‘बीबीसी’ असं लिहिलेलं. सोबत टेपच्या काही कॅसेटी, त्यांवर मुलांची नावं. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. द्यावा, की लावून बघावा?
— एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, देऊ नका. आणि लावूनही बघू नका.

तुम्हाला सापडलाय तो बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली काढला. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायची केंद्र सरकारची ‘क्लास’ योजना आली, तिच्यातून तो शाळाशाळांत गेला. ‘मॉडेल बी’ असेल तर मेमरी ३२ केबी. रंगीत चित्र काढायचं तर त्यातले २० केबीपर्यंत एकट्या पडद्यालाच लागत. राहिलेल्या जागेत पोरांनी ‘बेसिक’ या कॉम्प्युटरच्या सोप्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम बसवायचा! हा कॉम्प्युटर घडवणाऱ्यांपैकी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम प्रोसेसर रचला. तुमच्या मोबाइलमधली चिप बहुधा त्याच घराण्यातली आहे.

लावू नका म्हणतो, कारण त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरचं, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणाऱ्या छोट्या भागाचं, वेष्टन वर्षानुवर्षांनी तडकतं आणि आत दमटपणा शिरतो. मग वीज दिली की तो फुटतो, खोलीभर घाण धूर होतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून तेवढे कपॅसिटर आधी बदलून घ्या. सुटा भाग स्वस्त आहे.

पण माझा जीव अडकलाय तो कॅसेटींत. असं यंत्र जगात अनेकांकडे जपलेलं आहे. तुमच्या पोरांनी लिहिलेले प्रोग्रॅम मात्र त्या फितींखेरीज कुठेच नसतील. म्हणून आधी त्यांचं बघा.

चालता टेपरेकॉर्डर मिळवा. गावात कोणाकडे तरी भजनाच्या कॅसेटींसाठी ठेवलेला असतोच. त्याचं हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो भाग, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या. फीत एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग इअरफोनच्या भोकातून वायर काढून शाळेच्या आत्ताच्या कॉम्प्युटरला जोडा आणि आवाज रेकॉर्ड करा. फाइल ‘वेव्ह’च ठेवा, एमपीथ्रीत आवाज दाबला जातो आणि इथे तर आवाज हाच मजकूर आहे. प्रोग्रॅम शून्य आणि एक अशा खुणांत, म्हणजे बिटमध्ये, फितीवर आवाज म्हणून साठवलेला असतो: १२०० हर्ट्झचं एक आवर्तन म्हणजे शून्य, २४०० हर्ट्झची दोन म्हणजे एक. सेकंदाला १२०० बिट. कानाला नुसती किरकिर वाटेल, पण तिच्यातून प्रोग्रॅम परत काढणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, आणि तो आजच्या कॉम्प्युटरवर चालवूनही बघता येतो.

फीत गुंतली तर ओढू नका. पेन्सिलीने हळू गुंडाळा. आणि हे सगळं उन्हाळ्याआधी करा. यवतमाळचा मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर, तिथे कॅसेटी ठेवू नयेत. तोवर त्या मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात हलवा, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब.