टोमॅटोत झेंडू लावताय? मग आधी वयाचं गणित जमवा

भाऊ, टोमॅटोत झेंडू लावायचा विचार चांगला आहे, पण दोन्हींचं बी रोपवाटिकेत एकाच दिवशी टाकू नका. लागवडीला टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं असेल, तर झेंडूचं 40-45 दिवसांचं हवं. म्हणजे दोघांना फुलं एकाच सुमारास येतात. फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची, तो झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला जास्त पसंती देतो, म्हणजे झेंडू इथे सापळा पीक. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ पुरते. जात उंच, आफ्रिकन घ्या.

खरं काम पुढेच आहे. कळी बारकाईने बघा, बाजूला गोल भोक आणि ओली विष्ठा दिसली की आत अळी आहे. अशा कळ्या तोडून नष्ट करा, नाहीतर आपणच अळ्या पोसतोय.

बांधाला थोडी चवळी टाका. तिच्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येणारच, घाबरून फवारू नका. त्याच्यावरच ढालकिडे, म्हणजे मावा खाणारे मित्रकिडे, वाढतात. पांढऱ्या माशीला आडकाठी म्हणून कडेने मका दाट पेरा, तोही लागवडीच्या आधीच. मक्याच्या पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) लष्करी अळी मात्र तपासत राहा.

मिरची, वांग्याचं नंतर बोलू.