बाइक रेसिंगचं डोक्यात घेतलेल्या आपल्या पोरासाठी

विजापूर रोडवर रात्री गाडी पळवणं आधी बंद कर, ती रेसिंग नव्हे. खरी शाळा चेन्नई नाहीतर कोइंबतूरच्या ट्रॅकवर. चेन्नईला सोलापूरहून थेट रेल्वे आहे, तेवढं आपलं नशीब. पहिले पैसे हेल्मेट आणि लेदर सूटवर घाल, सायलेन्सरवर नको.

पडणार तर आहेसच. स्पेनचा बाइक रेसर मार्क मार्केझचं बघ. २०२० ला स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर चारच दिवसांत गडी पुन्हा गाडीवर! मग हाड जोडायला आत बसवलेली प्लेटच तुटली. एकूण चार ऑपरेशनं झाली आणि पुन्हा जगज्जेता व्हायला २०२५ उजाडलं. त्याच्याकडे पैसा होता, थांबणं परवडलं. तुझ्यामागे घरचे दोनच लूम (यंत्रमाग) आहेत, म्हणून डिप्लोमा सोडू नकोस. आणि डॉक्टर हो म्हणेस्तोवर किक मारायची नाही.