शीळकरी कस्तूर आणि पन्हाळ्याचं माकड : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात दाजीपूरला पहाटे अंधारात कुणीतरी शीळ घालत होतं. वाटाड्या म्हणाला, पक्षी आहे. खरं का? (राजारामपुरी)

खरं. तो शीळकरी कस्तूर. काळपट निळा, खांद्यावर चमकता निळा डाग, घरटं ओढ्याकाठच्या कातळात. शीळ सुरात लागते आणि मध्येच भरकटते, शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोरासारखी. इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’च म्हटलं. पूर्वी तो कस्तुरांच्या कुळात होता. जनुकं तपासल्यावर माशीमारांच्या कुळात, म्हणजे दयाळ पक्ष्याच्या गोतावळ्यात गेला.

कोकीळही गाणाऱ्या पक्ष्यांतलाच ना? (गडहिंग्लज)

नाही. गाणारा पक्षी गोडव्यावरून नव्हे, स्वरयंत्राच्या स्नायूंवरून ठरतो. म्हणून कावळा गाणाऱ्यांत बसतो, कोकीळ बाहेर. मलाही हे पचायला वेळ लागला.

मुलीला शाळेत पक्षी आणि माकड यांच्या वर्गीकरणाची तुलना करायची आहे. (कागल)

दोघंही पृष्ठवंशी, पुढे वाटा फुटतात. कस्तूर पक्षिवर्गातला, गण पॅसेरिफॉर्मिस, नाव मायोफोनस हॉर्सफिल्डी. माकड सस्तन, गण प्रायमेट्स (आपलाही तोच), नाव मकाका रेडिएटा. वहीत ‘वानर’ लिहू नका. वानर म्हणजे काळतोंड्या, लांब शेपटीचा. माकडाच्या गालात पिशव्या असतात, वानराच्या नसतात. पन्हाळ्यावर बघा : शेंगदाणे हिसकावून गाल फुगेपर्यंत कोंबतं, तटावर जाऊन बसतं आणि हाताने गाल दाबत एकेक दाणा तोंडात आणतं.

माकडांनी गडावर नको जीव केलाय, आणि म्हणे ते धोक्यात! लाजरा कस्तूर मात्र सुखरूप? (पन्हाळा)

यादी तसंच म्हणते. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत कस्तूर ‘कमी चिंतेचा’, माकड ‘असुरक्षित’. तुम्हाला किती दिसतात, हे यादी मोजत नाही. संख्या किती वेगाने घटते, हे बघते. तीन पिढ्यांत ३० टक्क्यांवर घट झाली, तरी जात या वर्गात जाऊ शकते. हे माकड जगात फक्त भारताच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात आहे. रस्ते रुंद करताना वडांच्या रांगा तुटल्या, त्याचा निवारा गेला. उत्तरेकडून लाल माकडं त्याच्या मुलखात सरकताहेत. उरलेली देवळं, गड, हॉटेलं धरून राहतात, म्हणून आपल्याला जास्त वाटतात. तुमचा त्रास खोटा नाही, पण तो बराचसा पर्यटकांच्या वेफर्सच्या पुड्यांनी वाढवलाय.

दयाळ पिंजऱ्यात ठेवला तर चालेल? (इचलकरंजी)

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. परसात पालापाचोळा राहू द्या, किडे टिपायला तो आपणहून येईल.