बंदुका सहज मिळत असतील तर घरातला आणि वस्तीतला हिंसाचार वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंदुका सहज मिळणाऱ्या भागात हिंसाचार वाढतो हे खरं का, कारण ज्याला मारायचंच आहे तो चाकूनेही मारेल. आणि घरातच धोका असलेल्या बाईने स्वतः पिस्तूल बाळगलं तर? अपमृत्यूंची आकडेवारी हेच माझं काम, म्हणून लिहितोय. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. बंदुका तिथे जास्त, त्यामुळे मोजणारेही तिथेच जास्त.

बंदुकांमुळे भांडणं वाढतात असं फारसं दिसत नाही. वाढतात ते मरणारे.

'चाकूनेही मारेल' हा मुद्दा जुना आहे. 1968 साली फ्रँकलिन झिमरिंग यांनी शिकागोतल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. बंदुकीच्या हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण चाकूहल्ल्याच्या सुमारे पाचपट निघालं. बहुतेक हल्ले बाचाबाचीतून झालेले होते, जीव घ्यायचाच असं आधीपासून ठरवून नव्हे. यावर कुणी म्हणेल, बंदूक उचलणाऱ्याचा इरादाच जास्त पक्का असणार. म्हणून अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांचा 2018 चा बॉस्टनमधला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी फक्त गोळी लागलेली माणसं घेतली, काही मेलेली, काही वाचलेली. गोळ्या किती लागल्या आणि शरीरात कुठे लागल्या, यात लहान आणि मोठ्या बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) पिस्तुलांमध्ये विशेष फरक नव्हता. म्हणजे इरादा आणि नेम साधारण सारखेच. तरीही मोठ्या बोअरची गोळी लागलेले कितीतरी जास्त मेले. गोळी झाडणाऱ्या सगळ्यांच्या हातात लहान बोअरचं पिस्तूल असतं तर खून जवळपास 40 टक्क्यांनी घटले असते, असा त्यांचा हिशेब आहे. इरादा तोच, फक्त हत्यार बदललं, तर एवढा फरक.

आता घर. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 11 शहरांतल्या बायकांची तुलना केली: एकीकडे जोडीदाराने जीव घेतलेल्या, दुसरीकडे मार खाऊनही जिवंत असलेल्या. मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईच्या जिवाचा धोका सुमारे पाचपट. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास आला. त्यात स्वतःकडे पिस्तूल नसलेली, पण पिस्तूल असलेल्या माणसासोबत राहणारी माणसं पाहिली होती. पिस्तूल नसलेल्या घरांच्या तुलनेत, राहत्या घरात जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तिथे सातपटीच्या आसपास होतं, आणि मरणाऱ्यांत बहुतेक बायका. पिस्तूल आणताना कारण मात्र बहुधा घराच्या रक्षणाचंच सांगितलेलं असतं!

एक गोष्ट मृत्यूंच्या आकड्यांत येतच नाही. घरात बंदूक चालवली जाते त्यापेक्षा दाखवली जास्त जाते. फिलाडेल्फिया पोलिसांच्या नोंदींत हेच दिसलं. जोडीदाराने बंदूक काढली होती तिथे अंगावर जखमा उलट कमी होत्या, बाई मात्र जास्त घाबरलेली होती. साहजिक आहे. जेवणाच्या टेबलावर पिस्तूल काढून ठेवलं की हात उगारायची गरजच पडत नाही. जखमा मोजून हिंसाचार मोजणाऱ्याला असं घर शांत वाटतं.

वस्तीचं गणित वेगळं आहे, आणि इथेच लोक गल्लत करतात. 2019 मध्ये अमेरिकी राज्यांच्या तुलनेत असं आढळलं, की ज्या राज्यांत घरोघरी बंदुका जास्त तिथे गोळीने होणारे घरगुती खून ठळकपणे जास्त. घरच्या माणसांखेरीज इतरांच्या खुनांशी मात्र तेवढा संबंध लागला नाही. रस्त्यावरची बंदूक सहसा दुकानातून थेट येत नाही. कुणाच्या तरी नावावर घेतलेली, चोरलेली, चार हात फिरलेली असते. ती वापरणारेही थोडेच. शिकागोच्या एका भागात गोळीबारातले 41 टक्के बळी हे एकमेकांच्या ओळखीतल्या अशा गटातले होते, जो तिथल्या लोकसंख्येच्या 4 टक्केही नव्हता. तेव्हा 'अमुक गल्ली धोकादायक' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. अर्थात, घरफोडीत गेलेलं पिस्तूल शेवटी याच साखळीत शिरतं.

हे सगळं कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशातलं नाही कशावरून? शंका रास्त आहे. हिंसाचार वाढला म्हणून लोक बंदुका घेतात असंही होतं. म्हणून कायदा बदलल्यावर काय झालं ते पाहणं जास्त उपयोगाचं. ज्या राज्यांनी मारहाणीच्या प्रकरणात न्यायालयाचा संरक्षण आदेश (पीडितेपासून दूर राहण्याचा हुकूम) निघालेल्या माणसाला बंदूक ठेवायला मनाई केली आणि हातातली जमा करायलाही लावली, तिथे जोडीदाराकडून होणारे खून सुमारे 10 टक्क्यांनी कमी आढळले. नुसती मनाई, पण बंदूक घरातल्या कपाटात तशीच, याने फारसं साधत नाही. 2024 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 'रहीमी' खटल्यात अशी केंद्रीय मनाई 8 विरुद्ध 1 मतांनी वैध ठरवली.

राहिला बाईने पिस्तूल घेण्याचा प्रश्न. कॅलिफोर्नियात पिस्तूल विकत घेतलेल्या बायकांचा जोडीदाराकडून खून होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच दिसला. यात आधीपासून धोक्यात असलेल्या बायकाच पिस्तूल घेतात हाही भाग असणार. पण संरक्षण मिळाल्याचा स्पष्ट पुरावा कॅम्पबेल यांनाही सापडला नाही. तुम्ही कुणा ओळखीच्या बाईसाठी विचारत असाल, तर आधी तिच्या जोडीदाराकडे बंदूक आहे का आणि ती कुठे असते हे तिला विचारा. आणि ती घर सोडणार असेल तर त्याला आधी सांगू नये. निघण्याचे आणि निघाल्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, तेव्हा मदत करणाऱ्या संस्थेशी किंवा पोलिसांशी बोलूनच वेळ ठरवावी.