ग्वाल्हेरला नुकताच हँडगनचा परवाना मिळालाय. पहिलं हत्यार कोणतं घ्यावं, घरात कुठं ठेवावं?

.३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) रिव्हॉल्व्हर घ्या, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. .३८ आणि ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, तेव्हा चंबळच्या रुबाबाच्या गप्पा सोडा. रिव्हॉल्व्हर उघडलं की गोळ्यांचे सगळे खाने समोर दिसतात. पिस्तुलाचं मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक गोळी राहू शकते, आणि नवख्याची गफलत नेमकी तिथंच होते. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करा आणि परवान्यावर नोंद झाली का, नंबर जुळतो का, हे तिथंच उभं राहून वाचा.

घरी भिंतीत किंवा फरशीत बोल्टनं पक्की केलेली तिजोरी हवी. हत्यार रिकामं, गोळ्या वेगळ्या कुलपात. आईच्या साड्यांखाली लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. पोरांना घरातले सगळे कोपरे ठाऊक असतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. हलका तेलाचा हात पुरे.

निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश आला तर पावती जपून ठेवा. आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या वरातीत कुणी ‘एक फायर होऊन जाऊ दे’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा: शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.