डिड्सने एटीपी थांबलं, म्हणून तो व्हीडॅकच असं ठरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माणसाच्या रक्तातल्या लाल पेशींना १०० मायक्रोमोलर डिड्स (पटलातली प्रथिनं रोखणारं रसायन) दिल्यावर पेशीबाहेर येणारं एटीपी (पेशीचा ऊर्जारेणू) निम्म्यावर आलं, तर पेशीच्या बाह्यपटलातला व्हीडॅक (एटीपीसारखे रेणू ये-जा करू देणारी प्रथिनाची वाहिनी, एरवी मायटोकाँड्रियाच्या पटलात असते) रोखला गेला असं लिहावं का? एवढ्या पुराव्यावर लिहू नका. आकडा बरोबर असेलही, पण त्यातून व्हीडॅकचं नाव निघत नाही.

परिपक्व लाल पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे पेशीतले घटक, नसतात. तरी व्हीडॅक आणि टीएसपीओ-२ (मायटोकाँड्रियातल्या टीएसपीओ-१ या प्रथिनाचं भावंड) ही प्रथिनं तिच्या बाह्यपटलात आढळल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे, त्यामुळे मूळ कल्पना चुकीची नाही. अडचण डिड्सची आहे. लाल पेशीत त्याचं पहिलं लक्ष्य बँड ३, म्हणजे क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल करणारं प्रथिन. एका पेशीवर त्याच्या सुमारे १२ लाख प्रती असतात. १ टक्का हिमॅटोक्रिटच्या (म्हणजे आकारमानाने १ टक्का लाल पेशी असलेल्या) सस्पेंशनमध्ये मिलिलिटरला साधारण १० कोटी पेशी धरल्या, तर बँड ३ची एकूण संख्या ०.२ मायक्रोमोलर भरते. तुम्ही त्याच्या ५०० पट डिड्स घातलं आहे. बँड ३ तर सुरुवातीलाच बंद झालं, आणि उरलेलं डिड्स पृष्ठभागावर जो मोकळा अमाइन गट सापडेल त्याला चिकटत बसलं.

म्हणून एकच मात्रा न देता ०, १, ५, २०, ५० आणि १०० मायक्रोमोलर अशी मालिका लावा आणि प्रत्येक मात्रेला दोन गोष्टी मोजा: एटीपी, आणि बँड ३ किती मोकळं उरलं. दुसऱ्यासाठी इओसिन-५-मॅलिमाइड हा बँड ३ला चिकटणारा चमकता रंग लावून फ्लो सायटोमीटरवर बघता येतं. डिड्स आधी बसलेलं असेल तर हा रंग कमी बसतो. एटीपीची घट १ ते ५ मायक्रोमोलरलाच दिसली, तर संशय बँड ३वर. बँड ३ पूर्ण बंद होऊनही एटीपी तसंच राहिलं आणि ५०च्या पुढे उतरायला लागलं, तर बँड ३ हे एकटं कारण नव्हे, इतकंच सिद्ध होतं. व्हीडॅकसोबत पॅनेक्सिन-१, ही एटीपी बाहेर सोडणारी दुसरी वाहिनीही, अजून शर्यतीत आहे. कार्बेनॉक्सोलोन आणि प्रोबेनेसिड ही तिला रोखणारी औषधं लावून ती बाजू स्वतंत्रपणे तपासा. तीही फार निवडक नाहीत, म्हणून दोन्ही लावा.

बफर कोणता वापरलात ते लिहिलेलं नाही. ट्रिस असेल तर सगळं पुन्हा करावं लागेल. ट्रिसमध्ये प्राथमिक अमाइन असतो, डिड्सचा आयसोथायोसायनेट गट त्याच्याशीच जुळतो आणि खरी मात्रा किती उरली ते कळत नाही. हेपिस किंवा फॉस्फेट घ्या. आल्ब्युमिन हे रक्तद्रवातलं प्रथिनही डिड्स धरून ठेवतं, म्हणून उपचाराच्या वेळी ते नको; नंतर धुताना मात्र ०.५ टक्का आल्ब्युमिन घालून दोनतीनदा धुवा, सुटं डिड्स निघून जातं. शेवटची धुलाई आल्ब्युमिनविना करा. डिड्सच्या डायसोडियम क्षाराचा रेणुभार ४९८.५, म्हणजे ५ मिलिग्रॅम १ मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलर स्टॉक होतो. पाण्यात ते विघटित होतं आणि प्रकाशही सोसत नाही, म्हणून त्याच दिवशी बनवा आणि फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: पेशी फुटणं. लाल पेशीत एटीपी सुमारे १.५ मिलिमोलर असतं. १ टक्का सस्पेंशनमध्ये ते एकूण १५ मायक्रोमोलर. हजारातली एक पेशी फुटली तरी बाहेर १५ नॅनोमोलर एटीपी येतं, आणि तुम्ही मोजताय ते बहुतेक याच पातळीवर. हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरवर बघून ‘पेशी फुटल्या नाहीत’ असं ठरवत असाल तर ते पुरेसं नाही. एवढ्या फुटण्याला तिथे ०.००३ इतकंच शोषण येतं, कोऱ्या नमुन्यापासून वेगळं ओळखता येत नाही. ४१५ नॅनोमीटरवर ०.०२५ येतं, ते स्पष्ट दिसतं. प्रत्येक नळीचं ४१५चं वाचन घ्या आणि फुटण्यातून आलेलं एटीपी वजा करा.

डीएमएसओ या द्रावकात बनवलेला औषधाचा स्टॉक पेशींवर थेट टाकू नका; थेंब पडतो तिथे क्षणभर मात्रा प्रचंड होते आणि पेशी फुटतात. दुप्पट मात्रेचं औषध बफरमध्ये आधी बनवून ते दुप्पट घट्ट सस्पेंशनमध्ये समप्रमाणात मिसळा. शेवटचा डीएमएसओ ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि तेवढाच कंट्रोललाही द्या.

एटीपी मोजायला वापरलं जाणारं, एटीपी मिळालं की उजेड देणारं ल्युसिफरेज हे एन्झाइमही बघा. बरेच लहान रेणू या एन्झाइमलाच रोखतात. मग एटीपी तेवढंच असतं, फक्त उजेड कमी पडतो. ठरावीक एटीपीच्या द्रावणात तुमचं औषध घालून वाचन घ्या. शिवाय हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा उजेड शोषून घेतं, तेव्हा सस्पेंशनमध्येच मोजणार असाल तर प्रमाण-आलेख त्याच हिमॅटोक्रिटमध्ये काढा.

टीएसपीओकडून जायचा विचार असेल तर पीके-१११९५ हे टीएसपीओला बसणारं औषध नॅनोमोलर मात्रेत टीएसपीओ-१ला घट्ट बसतं. लाल पेशीतलं रूप टीएसपीओ-२ आहे, आणि त्याची या औषधांशी बसण्याची ओढ जवळपास गेलेली आहे. त्यामुळे १० मायक्रोमोलरला परिणाम दिसला तर ‘टीएसपीओमुळे’ असं म्हणणं अवघड. एवढ्या मात्रेत तेलकट रेणू पटलातच मुरतात. थोडा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पेशी काटेरी किंवा वाटीसारख्या दिसल्या, तर पटलच बदललंय आणि वाहिनीबद्दल त्या मात्रेतून काही सांगता येणार नाही.

ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायच्या चाचणीत) व्हीडॅकची पट्टी सुमारे ३० किलोडाल्टनला मिळाली असेल, तर त्याच नमुन्यात टॉम-२० हे मायटोकाँड्रियाचं प्रथिन बघा. तोही दिसला तर मायटोकाँड्रिया कुठूनतरी आलेत: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट किंवा रेटिक्युलोसाइट (अपरिपक्व लाल पेशी). नुसतं धुऊन आणि वरचा थर काढून पांढऱ्या पेशी पूर्ण जात नाहीत. अल्फा-सेल्युलोज आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज समप्रमाणात भरलेल्या स्तंभातून रक्त सोडा, मग सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) आणि सीडी४१ (प्लेटलेटची खूण) तपासा. रेटिक्युलोसाइट त्या स्तंभात अडकत नाहीत. त्यांची टक्केवारी वेगळी मोजा आणि पर्कोल या घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर हलका थर बाजूला करा.

हे सगळं होईपर्यंत निकालात ‘डिड्सला प्रतिसाद देणारं एटीपी-उत्सर्जन’ एवढंच लिहा, आणि मात्रा, हिमॅटोक्रिट व बफर त्याच वाक्यात द्या.